टॉर्क पाना

नट किंवा बोल्ट आवळताना त्यावर लावले जाणारे वळविणारे परिबल, म्हणजेच टॉर्क, मोजणारे अथवा आधी ठरविलेल्या मूल्यापाशी कारागिरास थांबण्याची सूचना देणारे एक हातअवजार. साधा पाना आणि टॉर्क पाना यांचे बाह्य स्वरूप पुष्कळसे सारखे असते. परंतु साध्या पान्याने बोल्ट किती आवळला हे केवळ हाताच्या अंदाजावर ठरते, तर टॉर्क पान्याने ते आकड्यात सांगता येते. यंत्रांची जुळणी, मोटारगाड्यांची दुरुस्ती, पुलांचे पोलादी सांगाडे, दाबपात्रे, वाफेच्या व पाण्याच्या नळवाहिन्या इ. ठिकाणी बोल्ट कमी आवळला गेल्यास सांधा सुटतो वा गळतो आणि अधिक आवळला गेल्यास बोल्ट तुटतो किंवा आटे मरतात. या दोन्ही टोकांमधील सुरक्षित पट्टा बहुधा अरुंद असतो. तो साधण्यासाठी हे अवजार वापरतात.

अवजार हाती आले म्हणजे सांधा आपोआप पक्का होतो, असा समज मात्र बरोबर नाही. टॉर्क पाना परिबल मोजतो. बोल्टातील ताण मोजत नाही. या दोहोंमधील संबंध आट्यांची स्थिती, वंगण, वॉशर व आवळण्याचा क्रम यांवर अवलंबून असतो. त्यामुळे हे अवजार वापरण्याचे शिक्षण म्हणजे मुख्यतः हा संबंध समजून घेण्याचे शिक्षण होय.

इतिहास : या अवजाराचा उगम पाण्याच्या नळवाहिन्यांशी निगडित आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणारे कॉनरॅड बार यांना नळांच्या फ्लँजांवरील (नळाच्या तोंडाशी असलेल्या रुंद कडांवरील) बोल्ट कमीअधिक आवळलेले आढळत. हा दोष टाळण्यासाठी ठराविक परिबलापाशी थांबणारे अवजार आपण १९१८ साली तयार केले, असे त्यांचे म्हणणे होते. एकस्वांच्या नोंदींनुसार परिबल दर्शविणाऱ्या पान्यासाठी जॉन एच. शार्प यांनी १९३१ मध्ये अर्ज केला, तर बार व जॉर्ज फेफर्ले यांच्या रॅचेटयुक्त व मूल्य बदलता येणाऱ्या पान्याचे एकस्व १९३५ च्या सुमाराचे आहे. मोटारगाड्या व विमाने यांच्या एंजिनांची जुळणी मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्यावर या अवजाराचा प्रसार झाला. निर्माते आपल्या यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टासाठी टॉर्कचे मूल्य देऊ लागले आणि पुढे ती सर्वमान्य पद्धत बनली.

तत्त्व : पान्याच्या दांड्यावर लावलेली प्रेरणा आणि बोल्टाच्या अक्षापासून त्या प्रेरणेचे लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क होय. पाना ही एक तरफ आहे. ०·५ मी. अंतरावर २०० न्यूटन प्रेरणा काटकोनात लावल्यास १०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. जुन्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर व पौंड-फूट ही एककेही आढळतात. १ किग्रॅ.-मी. म्हणजे सु. ९·८१ न्यूटन-मीटर आणि १ पौंड-फूट म्हणजे सु. १·३६ न्यूटन-मीटर होय. एककांची गल्लत झाल्यास, विशेषतः किग्रॅ.-मी. मधील आकडा न्यूटन-मीटर समजला गेल्यास, बोल्ट हव्या त्या मूल्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच आवळला जातो.

नट फिरविला म्हणजे आट्यांच्या उतारामुळे बोल्ट ताणला जातो. पोलादी बोल्ट एखाद्या अतिशय ताठ स्प्रिंगेप्रमाणे किंचित लांबतो आणि परत आखडू पाहताना सांध्याचे दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. सांधा टिकतो तो या दाबाने. नट घट्ट बसला आहे या जाणिवेने नव्हे. १०० मिमी. जाडीचा सांधा धरणाऱ्या बोल्टात दर चौ. मिमी.ला ४५० न्यूटन प्रतिबल निर्माण केल्यास बोल्टाची लांबी अवघी सु. ०·२२ मिमी. वाढते. वॉशराखाली राहिलेला रंग, गंज किंवा धूळ यांचा थर पुढे चेपला जाऊन एवढीच जाडी कमी झाली, तर बोल्टातील जवळजवळ सर्व ताण नाहीसा होतो. पृष्ठभाग स्वच्छ करण्यावर भर का दिला जातो, हे यावरून ध्यानी येईल.

लावलेला सर्व टॉर्क बोल्ट ताणण्याच्या कामी येत नाही. सामान्यपणे त्याचा सु. ५०% भाग नटाचा तळ व वॉशर यांमधील घर्षणात आणि सु. ४०% भाग आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताण निर्माण करण्यासाठी सु. १०% भाग उरतो. व्यवहारात टॉर्क = क × ताण × बोल्टाचा व्यास असे सोपे सूत्र वापरतात. यातील क हा घर्षणाचे प्रमाण व्यक्त करणारा गुणांक असून कोरड्या, साध्या पोलादी आट्यांसाठी तो सु. ०·२० व वंगण लावलेल्या आट्यांसाठी सु. ०·१५ धरतात.

या सूत्राचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २० मिमी. व्यासाचा, ८·८ या बलवर्गाचा बोल्ट आहे असे मानू. त्याचे आट्यांच्या ठिकाणचे परिणामी क्षेत्रफळ २४५ चौ. मिमी. असून तो कायमचा न लांबता सु. १,४७,००० न्यूटन भार सहन करतो. या भाराच्या सु. ७५%, म्हणजे १,१०,००० न्यूटन, ताण हवा असल्यास कोरड्या आट्यांना ०·२० × १,१०,००० × ०·०२ = ४४० न्यूटन-मीटर टॉर्क लागेल. आता आट्यांना तेल लावून तोच ४४० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर ताण सु. १,४७,००० न्यूटन होतो. म्हणजे बोल्ट आपल्या सुरक्षित मर्यादेच्या काठावर जातो. उलट आटे गंजलेले असतील, तर घर्षण वाढते व पाना ४४० दाखवीत असतानाही बोल्टातील ताण आवश्यकतेहून पुष्कळ कमी राहतो. पान्यावरील आकडा तिन्ही वेळा एकच असतो, सांधे मात्र तीन वेगवेगळे असतात. म्हणूनच टॉर्कचे मूल्य सांगताना ते कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगणयुक्त आट्यांसाठी, हेही सांगणे आवश्यक ठरते.

हाताच्या अंदाजाची मर्यादाही याच सूत्राने उघड होते. टॉर्कची गरज बोल्टाच्या व्यासाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वरील बलवर्गातील ६ मिमी. बोल्टास सु. १० न्यूटन-मीटर, १० मिमी. बोल्टास सु. ५०, तर २४ मिमी. बोल्टास सु. ७६० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. माणसाच्या हाताचा जोर मात्र तेवढाच राहतो. म्हणून अनुभवी कारागिराच्या हातूनही लहान बोल्ट पिळून तुटण्याची आणि मोठे बोल्ट सैल राहण्याची प्रवृत्ती दिसून येते.

प्रकार : (१) दर्शक दांड्याचा पाना : यात पान्याचा मुख्य दांडा भाराखाली किंचित वाकतो आणि त्याच्या शेजारचा भाररहित काटा मोजपट्टीवर टॉर्क दाखवितो. रचना साधी, किंमत कमी व बिघाडाचा संभव अल्प असतो. काटा शून्यावर आहे की नाही हे नुसत्या दृष्टीस पडते. शिकाऊ उमेदवारास प्रेरणा व टॉर्क यांचा संबंध डोळ्यांनी पाहता येत असल्याने प्रशिक्षणास हा प्रकार चांगला. मात्र आकडा समोरून वाचावा लागतो. अडचणीच्या जागी ते जमत नाही. (२) तबकडीचा पाना : यात विकृती दातेरी चक्रांनी मोठी करून तबकडीवर दाखविली जाते. तपासणीच्या कामास हा सोयीचा असतो. (३) खटक्याचा पाना : मूठ फिरवून आतील स्प्रिंगेवरील दाब बदलतात व हवे ते मूल्य ठरवितात. ते मूल्य गाठताच आतील खटका सुटून ‘टक्’ असा आवाज होतो व हातास किंचित झटका जाणवतो. कारखान्यांत व गॅरेजांत हाच प्रकार अधिक आढळतो. खटका ही केवळ सूचना असते. त्यानंतरही जोर लावीत राहिल्यास बोल्ट पुढे आवळला जातोच. (४) घसरणारा पाना : ठरविलेले मूल्य गाठताच याचे डोके घसरते व अधिक टॉर्क लागू शकत नाही. (५) इलेक्ट्रॉनीय पाना : यात विकृतिमापकाच्या साहाय्याने मूल्य अंकांत दिसते, काहींत प्रत्येक बोल्टाची नोंद साठविली जाते व फिरविलेला कोनही मोजला जातो. (६) मोठ्या बोल्टांसाठी दातेरी चक्रांचा टॉर्कवर्धक किंवा तेलाच्या दाबावर चालणारा द्रवीय पाना वापरतात.

तानसा जलवाहिन्या व फ्लँजांचे सांधे : बोल्टाच्या ताणावर किती गोष्टी अवलंबून असतात, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे ठाणे जिल्ह्यातून मुंबईस जाणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या होत. शहापूर तालुक्यात वैतरणेची उपनदी तानसा हिच्यावर बांधलेले दगडी धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याची उंची वाढविण्यात आली. धरणाची लांबी सु. २·८ किमी. असून जलाशयाची उपयुक्त साठवण सु. १४,५०८ कोटी लिटर आहे. हे पाणी उताराच्या जोरावर सु. १०० किमी. अंतर तोडून मुंबईकडे जाते. तानसा पूर्व व तानसा पश्चिम या मुख्य वाहिन्यांचा व्यास १,८०० मिमी. आहे, वैतरणेच्या पाण्यासाठी पुढील काळात टाकलेल्या वाहिन्यांत २,४०० मिमी. व त्याहून मोठ्या व्यासाचे नळ वापरले गेले.

एवढ्या मोठ्या पोलादी वाहिन्यांची सलग लांबी रिव्हेटांनी वा वितळजोडाने जोडलेली असते. तथापि झडपा, वायुझडपा, प्रसरण सांधे, माणसास आत उतरण्याची झाकणे, फाट्यांची तोंडे इ. ठिकाणी नळ वेळोवेळी उघडावा लागत असल्याने तेथे बोल्टांनी जोडलेले फ्लँज असतात. वाहिनीच्या एकूण लांबीच्या मानाने अशा सांध्यांची जागा नगण्य असली, तरी गळतीचा धोका तेथे अधिक असतो.

अशा सांध्यावर येणारा भार कल्पनेपेक्षा मोठा असतो. पाण्याच्या १० मी. उंचीमुळे दर चौ. सेंमी.ला सु. १ किग्रॅ. दाब निर्माण होतो. १,८०० मिमी. व्यासाच्या नळाच्या छेदाचे क्षेत्रफळ सु. २५,४५० चौ. सेंमी. भरते. झडप बंद असून तिच्यावर ५० मी. उंचीच्या पाण्याचा दाब असल्यास तिला रेटणारा भार सु. १२७ टन होतो. फ्लँजावर ४४ बोल्ट आहेत असे धरल्यास प्रत्येकाच्या वाट्यास सु. २·९ टन येतात. याशिवाय फ्लँजांमधील रबरी किंवा अन्य गास्केट दाबून धरण्यासाठी लागणारा ताण वेगळा. ४४ पैकी काही बोल्ट सैल असतील, तर त्यांचा भार शेजारच्या बोल्टांवर पडतो, त्या बाजूने फटीत पाणी शिरते आणि गास्केट हळूहळू कापले जाऊन फेकले जाते.

तानसा परिसरातील परिस्थितीमुळे आणखी दोन अडचणी उद्‌भवतात. वाहिन्यांचा बराच भाग जमिनीवरून, आधारांवर ठेवून नेलेला असल्याने उन्हाने पोलाद प्रसरण पावते. १०० मी. लांबीच्या पोलादी नळाचे तापमान ३०° से.ने वाढल्यास त्याची लांबी सु. ३६ मिमी. वाढते. ही हालचाल प्रसरण सांध्यांनी सामावून घेतली जाते. मात्र त्या सांध्यांचे बोल्ट ठराविक प्रमाणातच आवळावे लागतात. ते अधिक आवळल्यास सांधा जखडतो व कमी आवळल्यास तो पाझरतो. दुसरी अडचण पावसाळ्याची. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागातील मुसळधार पाऊस व दमट हवा यांमुळे उघड्या बोल्टांच्या आट्यांवर गंज चढतो. अशा बोल्टावर टॉर्क पाना लावल्यास खटका वाजतो खरा, पण तो गंजाच्या घर्षणामुळे वाजलेला असतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी जुने बोल्ट तसेच परत न वापरता ते बदलणे, किंवा निदान तारेच्या ब्रशाने आटे साफ करून नट हाताने शेवटपर्यंत फिरतो की नाही हे पाहणे श्रेयस्कर ठरते.

मुख्य वाहिनी दुरुस्तीसाठी बंद केली, की शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा थांबतो. त्यामुळे काम मोजक्या तासांत उरकावे लागते. घाईत आवळलेला सांधा पाणी सोडल्यावर गळू लागल्यास वाहिनी पुन्हा रिकामी करावी लागते. वाया जाणाऱ्या पाण्याचे मोल याच तालुक्यात विशेष जाणवते. मुंबईस पाणी पुरविणारे मोठे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते.

फ्लँज आवळण्याची पद्धत : फ्लँजाचे बोल्ट एकामागून एक गोलाकार क्रमाने एकदम पूर्ण आवळणे ही सर्वांत सामान्य चूक होय. पहिला बोल्ट पूर्ण आवळताच त्या बाजूचे गास्केट चेपते व समोरची बाजू उघडते; पुढचा बोल्ट आवळला की आधीचा काहीसा सैल होतो. हे टाळण्यासाठी समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळतात व टॉर्क टप्प्याटप्प्याने वाढवितात. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल एंजिनिअर्स या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही असाच क्रम आहे.

प्रथम फ्लँजांची तोंडे स्वच्छ व समांतर आहेत की नाहीत हे पाहतात. नळ एका रेषेत नसताना ते बोल्टांच्या जोराने ओढून आणणे अयोग्य होय; तसे केल्यास बोल्टाची शक्ती नळ वाकविण्यात खर्ची पडते. नंतर सर्व नट हाताने बसवून बोल्टांना खडूने क्रमांक देतात. पहिल्या फेरीत अंतिम टॉर्कच्या सु. ३०%, दुसऱ्या फेरीत सु. ६०% व तिसऱ्या फेरीत १००% टॉर्क समोरासमोरच्या क्रमाने देतात. चौथ्या फेरीत शेजारच्या क्रमाने गोलाकार जात, एकही नट फिरेनासा होईपर्यंत पूर्ण टॉर्क देतात. गास्केट काही काळाने बसत असल्याने सु. चार तासांनंतर, वाहिनीत दाब नसताना, आणखी एक गोलाकार फेरी करणे हितावह असते. प्रत्येक फेरीनंतर दोन फ्लँजांमधील फट चार ठिकाणी मोजल्यास कोणती बाजू मागे राहिली हे कळते.

जुन्या बिडाच्या नळांवर व झडपांवर विशेष काळजी घ्यावी लागते. बीड दाबास बळकट, पण ताणास ठिसूळ असते. गास्केट बोल्टांच्या वर्तुळाच्या आतच असेल, तर बोल्ट जास्त आवळल्याने फ्लँजाची कड वाकू पाहते व कोणतीही पूर्वसूचना न देता तडकते. पोलादी फ्लँजासाठी दिलेला टॉर्क बिडाच्या फ्लँजास म्हणूनच देऊ नये.

पाना वापरण्याचे शिक्षण : शिकाऊ उमेदवाराने पुढील गोष्टी अंगवळणी पाडणे आवश्यक असते. (१) कामास योग्य आवाक्याचा पाना निवडावा. पान्याच्या कमाल मूल्याच्या अगदी खालच्या भागात, साधारण पहिल्या पंचमांशात, मापन विश्वसनीय नसते. (२) मूठ तिच्या ठराविक जागीच धरावी. काही प्रकारांत, विशेषतः दर्शक दांड्याच्या पान्यात, पकड पुढेमागे सरकल्यास मापन चुकते. (३) प्रेरणा दांड्याशी काटकोनात, सावकाश व एकसारखी लावावी. हिसका दिल्यास दाखविलेले मूल्य व प्रत्यक्ष टॉर्क यांत तफावत पडते. शक्यतो पाना आपल्याकडे ओढावा. ढकलताना तो निसटल्यास हातास इजा होते. (४) खटका वाजताच थांबावे. खात्रीसाठी पुनःपुन्हा खटका वाजविण्याची सवय प्रत्येक वेळी बोल्टावर थोडा थोडा जास्त ताण आणते. (५) दांड्यावर नळी चढवून तो लांब करू नये. (६) गंजलेले नट सैल करण्यासाठी टॉर्क पाना वापरू नये. त्यासाठी साधा पाना आहे. (७) नट व बोल्ट यांपैकी शक्यतो नट फिरवावा व बोल्टाचे डोके स्थिर धरावे. कारण बोल्ट भोकात घासत असल्यास घर्षण आणखी वाढते.

अडचणीच्या जागी पान्याच्या डोक्यास पुढे जोडतुकडा लावतात. त्यामुळे तरफेची लांबी वाढते व पान्यावर ठरवावयाचे मूल्य कमी करावे लागते. पान्याची परिणामी लांबी ५०० मिमी., जोडतुकड्याने पुढे वाढलेली लांबी ५० मिमी. व अपेक्षित टॉर्क २२० न्यूटन-मीटर असल्यास पान्यावर २२० × ५०० ÷ ५५० = २०० न्यूटन-मीटर हे मूल्य ठरवावे. जोडतुकडा दांड्याशी काटकोनात बसविल्यास ही दुरुस्ती करावी लागत नाही.

आधी आवळलेला बोल्ट तपासण्याचे कामही वाटते तितके सोपे नाही. थांबलेला नट पुन्हा हलविण्यासाठी लागणारे स्थिर घर्षण फिरत्या नटाच्या घर्षणापेक्षा अधिक असते. त्यामुळे नट न फिरता खटका वाजला, तर टॉर्क निदान तेवढा आहे इतकेच समजते. आट्यांतील गंजामुळे तो वाजला की खऱ्या ताणामुळे, हे त्यावरून कळत नाही. महत्त्वाच्या सांध्यांत आवळतानाच नोंद ठेवणे व नट आणि फ्लँज यांवर एक सलग रंगीत रेघ ओढणे उपयुक्त ठरते. नट पुढे सरकल्यास ती रेघ तुटलेली दिसते.

भारतात कुशल कारागिरांच्या शिक्षणासाठी केंद्र शासनाने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्या अंतर्गत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर, मोटार मेकॅनिक इ. व्यवसायांचे शिक्षण दिले जाते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यांत प्रत्यक्ष काम करीत शिकण्याची सोय झाली. ग्रामीण भागात मात्र कित्येक कारागीर एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखालीच तयार होतात. शहापूर, मुरबाड यांसारख्या तालुक्यांत ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, भातगिरण्या व मोटारसायकली यांच्या दुरुस्तीचे काम मोठे असून त्यातही टॉर्कचे महत्त्व कमी नाही. ॲल्युमिनियमच्या एंजिनातील आटे पोलादी बोल्टाने सहज फाटतात. सिलिंडरच्या डोक्याचे बोल्ट असमान आवळल्यास डोके वाकून गास्केट जळते. गाडीच्या चाकाचे नट एकाच बाजूने आवळल्यास चाक तिरपे बसते व पुढे नट सैल होऊन चाक निखळण्याची भीती असते. चाक बदलल्यावर काही अंतर गाडी चालवून नटांचा टॉर्क पुन्हा तपासण्याची सूचना याच कारणाने दिली जाते.

हाताचा अंदाज व अवजाराचे मापन ही परस्परविरोधी नाहीत. नट तिरपा चढला आहे, आटे फाटू लागले आहेत किंवा बोल्ट लांबत चालला आहे, हे प्रथम हातालाच जाणवते. टॉर्क वाढत नसता नट फिरतच राहिल्यास खटक्याची वाट न पाहता थांबून बोल्ट काढून पाहावा. ही जाण अनुभवानेच येते.

अंशशोधन व निगा : स्प्रिंग थकणे, खटक्याची झीज व धूळ यांमुळे पान्याचे मापन कालांतराने बदलते. हातांनी वापरावयाच्या टॉर्क अवजारांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार १० न्यूटन-मीटरपेक्षा अधिक आवाक्याच्या खटक्याच्या पान्यात ४% पर्यंत कमीअधिक फरक ग्राह्य धरतात. निर्मात्याने वेगळी सूचना दिली नसल्यास १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यानंतर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, अंशशोधन करतात. पाना उंचावरून पडला किंवा त्याच्या कमाल मूल्यापेक्षा अधिक भार पडला, तर मुदतीची वाट न पाहता तो तपासून घ्यावा. काम संपल्यावर खटक्याचा पाना मोजपट्टीवरील किमान मूल्यापर्यंत सैल करून ठेवतात, म्हणजे स्प्रिंग दबलेली राहत नाही; मात्र त्या मूल्याच्याही खाली मूठ फिरवू नये. पाना पेटीत कोरड्या जागी ठेवावा व हातोडीप्रमाणे वापरू नये.

मर्यादा व अन्य पद्धती : पाना अचूक असला, तरी घर्षणातील फरकांमुळे एकाच टॉर्कने आवळलेल्या बोल्टांच्या ताणात सु. २५ ते ३०% कमीअधिक फरक पडू शकतो. जेथे एवढा फरक चालत नाही, तेथे दुसऱ्या पद्धती अवलंबितात. प्रथम थोडा टॉर्क देऊन सांधा बसविणे व नंतर नट ठराविक अंशांतून फिरविणे, ही त्यांपैकी एक असून ती आधुनिक मोटार एंजिनांत व पोलादी बांधकामांत रूढ आहे. बोल्टाची वाढलेली लांबी सूक्ष्ममापकाने किंवा श्राव्यातीत तरंगांनी मोजणे, ताण आल्यावर चेपणारे उंचवटे असलेले वॉशर वापरणे, द्रवीय साधनाने बोल्ट आधी ताणून मग नट बसविणे, याही पद्धती वापरात आहेत. त्या खर्चिक असल्याने दैनंदिन कामात टॉर्क पान्याचे स्थान अबाधित आहे. स्वच्छ आटे, ठरलेले वंगण, योग्य क्रम व नियमित अंशशोधन या चार गोष्टी सांभाळल्यास साध्या खटक्याच्या पान्यानेही बहुतेक सांधे विश्वसनीय रीतीने आवळता येतात.